दोनशे बारा तक्रारी

चौथ्या मजल्याच्या पायरीवर तो हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी धापा टाकत वर येत होते. बाजूला सरकून त्याने वाट दिली आणि विचारलं, "मॅडम, कालपासून तुमच्या पोस्ट कमी का होतायत?"

हा आमचा लिफ्टवाला. दोन वर्षांत आमचं बोलणं काय ते एवढंच झालेलं – "चालू होईल का?" आणि "होईल."

पोस्ट कमी होत होत्या, कारण मी त्या पुसत होते. सोशल मीडियाच्या नव्या प्लॅटफॉर्मवर जायचं तर जुना पसारा आवरून जावं, म्हणून. ताईने बजावलंच होतं, "तुझ्या जुन्या पोस्ट वाचल्यावर लग्न तर सोडच, कुणी भांडायलाही येणार नाही." मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, मोजल्याशिवाय मला काही फेकवत नाही. तेव्हा आधी वर्गवारी केली. सहा वर्षांत सहाशे चाळीस पोस्ट. त्यातल्या दोनशे बारा एकट्या लिफ्टवर. तारीख, वेळ, मजला, आवाज, सगळं नोंदलेलं. 'आजही बंद. तिसऱ्या मजल्यावर दोन धक्के, मग जड खुर्ची ओढल्यासारखा आवाज.' आणि शेवटी लिफ्टवाल्याचा उद्धार.

तो सांगू लागला. कामावर आला त्याच आठवड्यात सेक्रेटरीकाकांनी त्याला हे सगळं दाखवलं होतं. इमारतीत बिघाडाची नोंद कुणी ठेवतच नव्हतं, त्यामुळे दोष शोधायचा तो माझ्या शिव्या वाचून. आता शनिवारी नवी मोटर बसणार होती आणि कंपनीला जुन्या बिघाडांची यादी हवी होती.

"निम्म्या पुसल्या मी," मी म्हटलं. "जुन्यांपासून सुरुवात केली."

"मग उरलेल्या उतरवून घेऊ. बसा ना... दोन मिनिटं."

मी मध्ये एक पायरी सोडून बसले. फोन उघडला आणि आठवलं. उरलेल्यांत ती एक पोस्ट होती. दोन वर्षांपूर्वीची. 'नवा लिफ्टवाला आला. डोळे छान आहेत. काम नाही.'

त्याच्या नजरेस पडण्याआधी ती पुसायलाच हवी होती. मी फोन हळूच माझ्याकडे कलता केला, ती शोधायला अंगठा भराभर चालवू लागले आणि तोंडाने त्याला भलत्याच तारखा सांगत राहिले. तो शहाण्यासारखा मान डोलवत होता. पण पेनाचं टोपण काही उघडलं नव्हतं.

"तुम्ही लिहीत का नाही?"

त्याचे कान लाल झाले. पिशवीतून तेलाचे डाग पडलेली एक जाडजूड वही काढून त्याने निमूटपणे माझ्या हातात दिली. तीन रकाने – तारीख, तक्रार, उपाय. माझ्या दोनशे बारा पोस्ट, शब्द न् शब्द, सुवाच्य अक्षरात.

पानं उलटत मी 'त्या' पोस्टवर आले. तक्रारीच्या रकान्यात माझं वाक्य. उपायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काम – सुधारत आहे. डोळे – आहेत तसेच ठेवले.'

मी हसू दाबलं. मग नाही दाबलं.

"वही पूर्ण आहे, तर आलात कशाला?"

"पोस्ट जायला लागल्या... वाटलं, तुम्ही घर सोडून चाललात." तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. "आणि शनिवारनंतर लिफ्ट बंद पडणार नाही. मग मी कुठल्या निमित्ताने यायचं?"

"आणि दोन वर्षं गप्प बसलात?"

"तक्रारीत मुद्दे दोन होते. म्हटलं, आधी काम सुधारावं."

मधली रिकामी पायरी मी भरून काढली. निमित्त लागतंच असं नाही, एवढं मात्र अगदी हळू आवाजात म्हणाले... त्याला ऐकू गेलं. बिघडलेल्या मोटरचे आवाज ऐकून ऐकून कान तयार झालेले.

उरलेल्या पोस्ट मी त्याच संध्याकाळी पुसल्या. तीसुद्धा. वहीत होतीच की.

शनिवारी मोटर बसली. रविवारी नव्या प्लॅटफॉर्मवर माझी पहिली पोस्ट पडली –

'लिफ्ट चालू. तरी जिन्याने आलो, दोघं. पाच मजले चढायला पूर्वी सव्वातीन मिनिटं लागायची, आज एक्केचाळीस लागली. कारण तपासत आहोत.'