कानात सांगितलेलं नाव

अनघाने तव्यावरची पोळी उलटली, तोच ओट्यावरचा फोन वाजला. आरोग्यकेंद्राचं मागपत्र आलं होतं. हल्ली साथीचा ताप आला की घशातला नमुना घेत आणि काही दिवसांत सांगत, रोग कुणाकडून आला, कुणाकडे गेला. विषाणू स्वतःच्या नकला काढताना बारीकसारीक चुका करतो. त्या चुका जुळवत यंत्र माग काढत जाई.

तिच्या सहा वर्षांच्या लेकीचा, जुईचा, गोवर कधीच उतरला होता; माहेरी तिने तो साधा ताप म्हणूनच सांगितला होता. पत्रात दोनच ओळी होत्या. जुईला शाळेतून. जुईकडून कैवल्यला, बारशाच्या दिवशी.

कैवल्य म्हणजे अनघाच्या धाकट्या भावाचा, हेमंतचा, पाच महिन्यांचा मुलगा. गोवराची लस नवव्या महिन्यात. त्याला अजून अवकाश होता. म्हणून तर भावजयीने, शलाकाने, आमंत्रण देतानाच विचारलं होतं, "ताई, जुईच्या लशी झाल्यात ना?"

"हो गं बाई, सगळ्या!" अनघा म्हणाली होती. शुभकार्यात वाद कोण घालत बसणार!

तिच्या थोरल्या मुलाला लशीनंतर ताप चढून झटका आला होता. डॉक्टर म्हणाले, मागे काही राहत नाही. राहिलंही नाही. पण मांडीवर ताठ झालेलं पोर तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही. जुईला तिने सुई लावूच दिली नाही. आईचं काळीज, दुसरं काय!

बारशाला तिने आत्याचा मान म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. "मी पण, मी पण!" करत जुईही पाळण्यात वाकली, गालाला गाल लावून कितीदा तरी कुजबुजली. तेव्हा तिला नुसती सर्दी होती.

गोवरातून बाळ वाचलं. कान मात्र गेले.

पत्राखाली विचारलं होतं: पुढच्या घराला तुमचं नाव कळवायचं का? अनघाने गॅस बंद केला आणि तशीच भावाकडे गेली.

हेमंत बाळाच्या मागे बसून ताटलीवर चमचा वाजवत होता. बाळ समोरचा पडदा बघत होतं.

"आमच्या पत्रात लिहिलंय, समोरच्यांच्या होकाराची वाट पाहतोय," तो म्हणाला. "कोण असेल गं, ताई? मला भांडायचं नाही. त्याने एकदा येऊन माझ्यासमोर बसावं, बस्स."

अनघा त्याच्या शेजारी टेकली. भावाने बाळ तिच्या मांडीवर दिलं.

"तू हाक मार बघू. नाव तूच ठेवलंयस. तुझी ऐकेल कदाचित."

वेडी आशा! पण तिला नाही म्हणवेना. ती वाकली, बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि तोंडून नाव निघालंच नाही. "मी खोटं बोलले रे राजा," ती पुटपुटली, "माझ्यामुळे झालं."

श्वासाच्या गुदगुल्यांनी कैवल्य खुदकन हसला.

"ऐकलं! ऐकलं त्याने!" हेमंत धडपडत उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "ताई, काय सांगितलंस गं त्याला?"