परत येताना घेऊ

वीज गेलीच आहे, तर शटर निम्मं ओढा आणि बसा. पेयमान, चहा ओत. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ईरज तवक्कोली, आपल्या गल्लीच्या टोकाचा टायरवाला, त्यानं स्वतः मला हे सांगितलं. आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या वर्षीचा मुर्दाद, ऐन उन्हाळ्याचा महिना, शेवटचा गुरुवार. आपण कबरींवर जातो तो वार. ईरजच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि त्याची बायको फरंगीस अडून बसली, की मिठाई यझ्द शहरातलीच हवी. इस्फहानहून पहाटे निघालं की रात्री जेवायला घरी. सासूबाई तूबाखानुम म्हणाल्या, "मीही येते, तुम्हाला मिठाईतलं काय कळतं!" आणि मागच्या सीटवर बसून वाटेतलं नाईन गाव यायच्या आधीच घोरायला लागल्या.

अगदा गावाच्या अलीकडे, जिथे नजर पोचेल तिथवर झुडूपसुद्धा नाही, तिथे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. अंगभर धूळ. एक हात वर.

"थांबव," फरंगीस म्हणाली.

"सीट कव्हरं कालच बदललीत गं."

"ईरज, ऊन बघ जरा!"

"परत येताना इथेच असला तर घेऊ," ईरज म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. आरशात म्हातारा लहान लहान होत गेला. हात वरच होता.

यझ्दमध्ये दिवस छान गेला. तेच तर बोचतं, असं ईरज म्हणतो. कबाब खाल्ले, बाजाराच्या थंड गल्ल्यांतून फिरले, पश्मक, कुत्ताब अशा तिथल्या मिठायांच्या पेट्या भरल्या. तूबाखानुमनी प्रत्येक दुकानात चाखून बघितलं आणि प्रत्येक दुकानदाराला नावं ठेवली. पोट धरून हसले सगळे. म्हातारा एकदाही आठवला नाही.

परतताना अंधार पडला होता. तूबाखानुम पुन्हा झोपलेल्या. तीच जागा आली. पोलिसांची गाडी उभी होती आणि जमिनीवर चादर पसरलेली. चादरीखाली कोण, ते विचारावं लागलं नाही.

पोलीस खिडकीशी आला. "खाली खड्ड्यात त्याची मोटरसायकल आहे, बंद पडलेली. उन्हानं गेला. सकाळी इकडूनच गेलात?"

"हो."

"उभा दिसला होता?"

"नाही," ईरज म्हणाला.

फरंगीसनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

गाडी निघाली. रस्ता सरळ. मागेपुढे एक दिवा नाही.

थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"या, या. बसा ना. मी सरकते."

"आई?" फरंगीस म्हणाली.

"अहो, कसली अडचण! सीटला काय होतंय? धूळ झटकली की जाते."

सकाळी सीट कव्हरांचं बोलणं झालं, तेव्हा त्या घोरत होत्या.

"आई... कुणाशी बोलताय?"

"पाहुणे आहेत. दमलेत बिचारे." पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज. "घ्या ना एक. नको?... फरंगीस, पाणी दे गं मागे."

फरंगीसनं समोर बघतच बाटली मागे धरली.

कुणीतरी घेतली.

मग काही नाही. फक्त पाणी पिण्याचा आवाज. खूप वेळ.

...

"ईरज," तूबाखानुम म्हणाल्या, "हे विचारतायत... पोलिसाला तू 'नाही' असं का सांगितलंस?"

ईरजनं आरशात पाहिलं नाही.

गाडी वळवली. पुन्हा त्या जागेपाशी आणली. तो उतरला. चादरीपाशी गेला.

"मी पाहिला होता," तो पोलिसाला म्हणाला. "हात केला होता त्यानं. मी थांबलो नाही."

पोलिसानं मान हलवली. "आगा, दिवसभर इतक्या गाड्या गेल्या. कुणीच थांबलं नाही. घरी जा."

बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणतो ईरज.

गाडीत तूबाखानुम खिडकीला टेकून घोरत होत्या. सकाळी विचारलं, तर त्यांना काहीच आठवत नव्हतं. यझ्द सोडलं तशी झोपले, म्हणाल्या.

पण मागे, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. सुटेना. गॅरेजमधल्या मिस्त्रीनं जोर लावून पाहिला, मग कापायला सुरी काढली. ईरजनं त्याचा हात धरला.

परवा त्यानं मला दवाखान्यात सोडलं. मी पुढेच बसलो. एकदा मागे वळून पाहिलं. पट्टा सीटला टेकलेला नाही. मधे जागा आहे... सडपातळ माणूस मावेल एवढी.