विन्हकाकांच्या स्कूटरचा वाढीव जोर

ह्यू शहरातल्या क्वी मेकॅनिकने खुर्चीत बसायच्या आधीच जळका कंट्रोलर खासगी तपास करणाऱ्या त्रामच्या टेबलावर ठेवला.

"त्रामताई, चार वाजता वॉर्ड कचेरीत माझ्या गॅरेजचा निकाल. टाळं ठोकलं तर बारा वर्षांचं पोट गेलं. मी फक्त टायर बदलला होता हो!"

इलेक्ट्रिक स्कूटर विन्हकाकांची. काल पुलाच्या चढावर मोटरला वीज पुरवणारा हा कंट्रोलर जळला, गाडी मागे घसरली आणि मागे बसलेल्या त्यांच्या बायकोचं, सेनकाकूंचं, मनगट मोडलं. कुणीतरी गाडीचा जोर वाढवला होता. काकांचा पुतण्या दाट, त्याने तक्रार ठोकली ती क्वीवर.

त्रामने कंट्रोलरची डबी उघडली. आतल्या जाड तारेवर कथलाचा थर, कडेला पिवळी खपली. तिने ती खरवडून नाकाशी धरली.

"ही तार वीज मोजते," क्वी म्हणाला. "कथील चढवलं की मोजणी कमी दिसते, मोटरला वीज जास्त जाते. पण हल्ली असं कोण करतं? फोन जोडायचा, आकडा वाढवायचा, झालं. या गाडीचा आकडा मात्र मूळचाच आहे."

तोआन नऊ वर्षं त्रामच्या हाताखाली होता आणि नऊ वर्षं त्याला सगळं शेवटीच कळत होतं. "म्हणजे क्वीच!" तो बाहेर पडताना पुटपुटला.

दाट कॉफीच्या टपरीवर सापडला.

"मित्रांच्या पाच गाड्यांचा जोर वाढवलाय मी, पण फोनवर. कथील कोण वितळवत बसतंय! आणि काकांना कशाला हवाय जोर? बदकं पुढे जातात त्यांच्या."

"पुलावर दोघांना घेऊन चढायची गाडी?" त्रामने विचारलं.

"आधी नाही. काकू खाली उतरून, गुडघे धरत चालायच्या. गेला महिनाभर मात्र बसून जात होत्या."

घरी विन्हकाकांनी दोघांना चहा ओतला तो निम्मा बशीत. टेबलावर पाठ उघडलेला रेडिओ होता, पूर्वजांच्या देव्हाऱ्यात उदबत्ती आणि खिडकीत दुधाच्या डब्यात राळेचा खडा, मधोमध काळपट खळगा पडलेला. शेजारी सेनकाकू हाताला प्लास्टर घालून बसल्या होत्या.

"काका किती श्रद्धाळू," तोआन कुजबुजला. "पूर्वजांपुढे जाळायला राळसुद्धा ठेवलीय."

"धुपाची राळ फोडून निखाऱ्यावर टाकतात," त्राम म्हणाली. "हिच्यात तापलेली सळई बुडवलीय. जुने रेडिओवाले तारेला कथलाचा डाग देण्याआधी बुडवतात तशी. तारेवरच्या खपलीला हाच वास होता. क्वी आणि दाट फोनवर काम करतात. काका, काकूंना चढावर चालायला लागू नये, एवढंच हवं होतं ना तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. "सैन्यात बिनतारीवर होतो. वाटलं, जमेल. दाटने क्वीचं नाव घेतलं आणि माझी जीभच उचलेना. हिचा हात मी मोडला, हे हिला कसं सांगू?"

तोआनला भरून आलं. दोषीचा राग येण्याऐवजी त्याला त्या माणसाचा हात धरावासा वाटला.

सेनकाकू मात्र शांत होत्या. "गाडी एकदम चढायला लागली तेव्हाच ओळखलं मी. वर वारा इतका छान लागायचा, म्हणून गप्प बसले." त्यांनी बऱ्या हाताने काकांच्या चपला पुढे सरकवल्या. "चला, साडेतीन झाले. आधी क्वीची माफी मागा. माझी मागायला जन्म पडलाय."