अठ्ठ्याण्णव टक्के गुराब

चहाच्या तीन पेल्यांच्या मधोमध, टेबलाच्या हातभर वर, अडीचशे वर्षांपूर्वीची गुराब प्रकाशात तरंगत होती. शलाका पेडणेकरने बोट फिरवलं, तशी मराठा आरमारातली ती लढाऊ नौका कुशीवर वळली.

शलाकाने खाडीच्या तळाशी मोजणीमासे, म्हणजे कॅमेरे बसवलेली वीतभर लांबीची यंत्रं, सोडून तिचे चार लाख फोटो घेतले होते. एकच जागा दोन निरनिराळ्या फोटोंत दिसली, की तिचं अचूक स्थान काढता येतं. अशा अब्जावधी बिंदूंतून ही प्रतिकृती उभी राहिली होती. फळ्यांच्या सांध्यातल्या राळेत कुण्या सुताराच्या अंगठ्याचा ठसासुद्धा दिसत होता.

"अठ्ठ्याण्णव टक्के नोंद झाली!" बंदर प्रकल्पाचे अधिकारी गोडांबे खूश झाले. "कायद्याला पंच्याण्णव पुरतात. सही करा, सोमवारी गाळ उपसायला घेतो."

"आणि खाडीतली गुराब? तिचे तुकडे होतील!"

"ही काय समोर! झालं की जतन."

शलाकाची कानशिलं तापली. अर्जावर 'जतनासाठी नोंद' असं वाचून ती तीन महिने पाण्यात राबली होती.

"म्हंजे फोटो काढलो, की माणूस मारूक मोकळे?" गुराब शोधून काढणारे पाणबुडे लवू तारी कडाडले. "तुमचो पण एक काढूया काय, सायबानू?"

"थट्टा पुरे, लवूशेट. लाकडं कुजणारच आहेत."

"कुजणार?" शलाका उसळली. "गाळात हवा लागली नाही म्हणून तर ती टिकलीय! हे अठ्ठ्याण्णव टक्के फक्त उघड्या भागाचे आहेत. फोटोला वरची कातडी दिसते. गाळातलं पोट अजून कुणी उघडलेलं नाही."

"कायद्यात पोटाचा उल्लेख नाही, मॅडम."

शलाकाने गुराबीच्या मागच्या बाजूचे सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले. सहीआधी दुसरी प्रत काढायला बंदी होती, त्यामुळे ते परत मिळणार नव्हते. टेबलावरची गुराब मागून विरत गेली.

"एक्क्याण्णव टक्के," ती म्हणाली. "सही होणार नाही."

गोडांबे शांतपणे उठले. "पंच्याण्णवचे नव्वद करायला एक फोन पुरतो."

दार आपटलं. लवूकाकांनी हळूच विचारलं, "आणि तेनी खराच फोन केल्यान तर गो?"

शलाकाने बोट फिरवलं; गुराब वळली, मागे काहीच नव्हतं. नियम बदलला, तर ती मागची बाजू खाडीतही उरणार नव्हती आणि फोटोंतही. मग ती कुणी बुडवली म्हणायची: गोडांब्यांनी, की तिने?