न्हाणीतली जाळी

त्या संध्याकाळी मी छत्री लॅबमध्ये विसरले नसते, तर बुद्धघोषच्या दुकानाची पायरी कधी चढले नसते. मला जायचं होतं चौकातल्या मोठ्या दुकानात. पण स्टँडसमोरच्या गल्लीत शिरले आणि भाद्रपदातली सर अशी अंगावर आली, की दिसेल त्या दुकानात घुसावं लागलं. आत मिक्सर, पंखे, इस्त्र्या... आणि काउंटरमागं एक उंच, सावळा तरुण पंख्याचं पातं पुसत बसलेला. त्यानं वर पाहिलं, आणि पाहतच राहिला.

त्या नजरेचं कारण मला ठाऊक होतं. माझे केस. दिवसभर रक्ताचे नमुने तपासताना ते टोपीखाली कोंबलेले असतात, पण जरा ओल लागली की चहूबाजूंनी उठतात. शाळेत पोरं मला झिपरी म्हणायची, आणि त्यातल्या दोघांना मी बदडलंही होतं.

"काय दाखवू?" त्यानं विचारलं.

"केस सरळ करायचं मशीन."

"कुणाचे?"

"माझे."

"का?"

"तुम्ही मशीन विकता का प्रश्न?"

"मशीन विकतो," तो म्हणाला. "प्रश्न फुकट हाय."

हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. कारण त्या 'का'चं उत्तर काही हसण्यासारखं नव्हतं. पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनियर, घर स्वतःचं, माणसं आपल्यातलीच. फोटो पाहून त्यांनी मामाकरवी निरोप धाडला होता, की मुलगी पसंतीला येण्यासारखी आहे, फक्त केस तेवढे सरळ करून ठेवा. याआधीची दोन स्थळं केसांवरूनच फिरली होती, त्यामुळं आईनं हे स्थळ अगदी मनावर घेतलं होतं. पार्लरमध्ये कायमचे सरळ करून मिळतात म्हणे, पण मला कायमचं काही नको होतं. पाण्यानं धुतलं की जाईल, एवढंच खोटं मला झेपणार होतं.

त्यानं चार-पाच मशीनं काचेवर मांडली. बारीक पट्ट्यांचं एक होतं, ते मी हातात घेताच तो म्हणाला, की यानं तुमचे केस सरळ व्हायला दिवाळी उजाडेल. दुसरं चमचमणारं, गुलाबी. त्याचं तापमान किती, असं मी विचारलं.

"लई तापतं."

"लई म्हणजे किती?"

त्यानं खोकं उलटं केलं, सुलटं केलं, बाजूला वाचलं आणि प्रांजळपणे सांगितलं की यावर लिहिलेलं नाही. मी लॅबमध्ये काम करते. जे यंत्र आपलं तापमान सांगत नाही, त्याला मी माझ्या डोक्याजवळ येऊ देत नाही. शेवटी रुंद पट्ट्यांचं, सिरॅमिकचा लेप असलेलं आणि उष्णता कमी-जास्त करता येणारं एक निवडलं. वायरही लांब होती आणि बुडाशी गरगर फिरणारी, म्हणजे पीळ पडून तुटायची नाही. मी वायर ओढून बघत होते तेव्हा तो गालातल्या गालात हसत होता.

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघायलोय," तो म्हणाला. मग पावतीवर माझं नाव, पौर्णिमा, लिहून घेतलं आणि खोकं बांधता बांधता, माझ्याकडं न बघता, हळूच पुटपुटला, "केस मात्र... आहेत तसेच बरे हायेत."

पाऊस थांबला होता. मी ऐकलंच नाही असं दाखवून पायरी उतरले आणि घरी पोचेपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहिले.

रविवारी मी घरी प्रयोग केला. केस धुतले, वाळवले, बटा वेगळ्या केल्या, मशीन तापवलं. सगळं पुस्तकात दिल्यासारखं. कपाळावरची पहिली बट पट्ट्यांत धरली मात्र, चर्र असा आवाज झाला आणि आरशात मला माझ्याच डोक्यातून धूर निघताना दिसला. मी किंचाळले. मागं आई उभी होती, आणि तिचे दोन्ही तळवे खोबरेल तेलानं चकाकत होते. मी मशीनचं बटण दाबायला वाकले होते, तेवढ्यात तिनं माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला होता.

"कोरड्या केसांनी काय बसायलीस, म्हणून जरासं लावलं," ती म्हणाली. कुठलंही चांगलं काम तेल लावल्याशिवाय सुरू करायचं नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. बट मात्र अर्ध्यावर जळाली.

राग आईवर काढता येईना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तो दुकानदारावर काढायचं ठरवलं. खोकं काउंटरवर आपटलं आणि पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी कमरेला खोचून उभी राहिले. त्यानं खोक्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्या कपाळाकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा असा उतरला, जणू त्याचाच हात भाजला होता.

"तेल?" त्यानं विचारलं.

"आई," मी म्हणाले.

आणि आम्ही दोघं एकदमच हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं, हे त्याला कळलं असावं. त्यानं स्टूल पुढं केलं, शेजारून चहा मागवला. मशीन वापरलेलं असलं तरी परत घेतो म्हणाला. मी नको म्हणाले. चूक मशीनची नव्हतीच.

मग चहा पिता पिता मी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. आदल्या दिवशी, जळकी बट कुरवाळत, मी बरंच वाचून काढलं होतं. ड्रायरच्या तोंडाला बसवायचं एक वाडगं असतं. तळाला भोकं, आतून बोटांसारखे खुंटे. त्यातून वारा झोतानं न येता पसरून येतो, आणि कुरळे केस पिंजारत नाहीत, नीट वळतात. हे तुमच्याकडं आहे का, असं मी विचारलं.

चित्र बघून त्याचे कान लाल झाले.

"हे... ह्यासाठी असतं व्हय?"

"म्हणजे? आहे का नाही?"

"हाय. आमच्या न्हाणीत. आई त्यात साबण ठेवती."

झालं असं होतं, की ड्रायरच्या खोक्यात ही वाडग्यासारखी जाळी निघायची, आणि गिऱ्हाइकं हे खेळणं कशाला म्हणून काउंटरवरच सोडून जायची. त्यानं एक घरी नेली. त्याच्या आईला, सरूबाईंना, ती पसंत पडली. पाणी निथळतं, साबण भिजत नाही. मग काय, शेजारणींनी बघितलं, आणि दुकानात उरलेल्या खोक्यांतल्या जाळ्याही मागून नेल्या. त्यांच्या सगळ्या गल्लीचा साबण त्यातच वाळत होता.

"उद्या आमची आणून देतो," तो म्हणाला. "घासून."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. ड्रायर मात्र मी नीट पारखून घेतला. वारा मंद करता येणारा, गार हवेचं बटण असलेला, हात दुखू नये इतका हलका. जाळी त्याच कंपनीची, टच्चकन बसली. तिला चंदनाच्या साबणाचा वास होता. घरी मी ओल्या केसांची एकेक लड त्या वाडग्यात झेलत, मंद वाऱ्यावर वाळवत गेले, आणि खोलीभर तोच वास पसरला. केस वाळले तेव्हा आरशातली मुलगी मला नवीन होती. प्रत्येक बट आपापल्या वळणानं उतरलेली. आई दारात थबकली. "अगं, हे तर माझ्या आईचे केस," एवढंच बोलली आणि तेलाची बाटली घेऊन आत गेली.

मला बुद्धघोष आवडायला लागला होता. हे मला साबणाच्या वासावरून कळावं, याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी मी केस मोकळे सोडून दुकानात गेले. तो शिडीवर चढून बल्ब लावत होता. मला बघून तो उतरायचंच विसरला.

"आता मी काही बोलू का नको?" तो वरूनच म्हणाला.

"बोला की. प्रश्न फुकट आहे, उत्तरही फुकट असेल."

तो उतरला. माझ्या कपाळावरची आखूड बट मागं राहत नव्हती, सारखी पुढं येत होती. "ही एक बट आमच्या दुकानाच्या नावावर," तो हसून म्हणाला. मी इतकी खुशीत होते, की नको ते बोलून गेले. उद्या पुण्याची माणसं बघायला येणार आहेत, म्हणून सांगितलं. त्याचं हसू तिथंच विझलं.

"मग... मशीन त्यासाठी होतं व्हय."

"व्हय."

त्यानं पुसलेला बल्ब पुन्हा पुसायला घेतला. मी वाट पाहत राहिले. रस्त्यावरून एक एसटी गेली, दुसरी गेली... आणि शेवटी तो म्हणाला, "कार्यक्रम झाला की जाळी तेवढी परत द्या. आईचा साबण फरशीवर विरघळायलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साबण. याला साबण सुचतो. मी तशीच निघून आले.

रविवारी सकाळी आईनं टेबलावर दोन्ही यंत्रं मांडली होती. सरळ करायचं मशीन तापत ठेवलं होतं, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. या वेळी तेलाचा हात लावणार नाही, असं तिनं आपणहून सांगितलं. मी आरशासमोर बसले. ज्यानं तोंड उघडलं नाही त्याच्यावर रुसून केस भाजून घ्यायचे? की ज्याला मी फोटोतसुद्धा पुरी चालले नाही त्याच्यासाठी? मी हात लांब केला, मशीनचं बटण बंद केलं आणि ड्रायरला जाळी बसवली.

मुलाची आई, पुण्याच्या त्या बाई, चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू. पोह्यांचं कौतुक केलं, माझ्या नोकरीची चौकशी केली. मग माझ्या केसांकडं बघत गोड आवाजात म्हणाल्या, की पुण्यात त्यांचं ओळखीचं पार्लर आहे, लग्नाआधी कायमचे सरळ करून घेऊ. मुलानं मान डोलावली. ऑफिसच्या पार्ट्यांना सरळच बरे दिसतात, असं त्याचं मत पडलं.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

मामा कसनुसं हसले. "अगं, केसच तर हायेत."

"केसच आहेत तर राहू द्या की, मामा."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मी पप्पांकडं. माझे पप्पा, मच्छिंद्र, एसटीत कंडक्टर आहेत. दिवसभर ओरडून येतात म्हणून घरी बोलत नाहीत, असं आई म्हणते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"पोरीनं सांगितलं तेच आमचं," ते पाहुण्यांना म्हणाले. "पोहे घ्या. गार व्हायलेत."

पाहुण्यांनी पोहे संपवले आणि गाडी काढली. आता आई बोलणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. ती जवळ आली, माझी आखूड बट कानामागं सारायचा तिनं प्रयत्न केला, आणि म्हणाली, "धूर निघाला तवाच मला कळायला पाहिजे होतं." मी तिच्या गळ्यात पडले.

संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. छत्री पर्समध्ये असूनही मी ती उघडली नाही. केस मोकळे होते, वाटेत दोघी-तिघी वळून बघत होत्या, आणि मला वाटत होतं अख्खं धाराशिव माझ्यासाठी रस्ता सोडतंय. दुकानात जाऊन मी जाळी काउंटरवर ठेवली.

"घ्या. आईंचा साबण विरघळायला नको."

त्यानं जाळीला हात लावला नाही. "ठरलं का?"

"मोडलं. मीच मोडलं."

तो अडखळत म्हणाला, की पहिल्या दिवशी ते मशीन बांधणं त्याच्या जिवावर आलं होतं. आपल्याच हातानं आपण हे केस सरळ करायला देतोय, असं त्याला वाटत होतं.

"मग दिलंत कशाला?"

"तुम्ही मागितलं. गिऱ्हाइकाला न्हाय कसं म्हणावं?"

"आणि काल? काल तर मी गिऱ्हाईक नव्हते."

"काल भ्यालो," तो म्हणाला. "पुण्याचं स्थळ, इंजिनियर... आणि मी बल्ब विकणारा. पण आता सांगतो. तुम्ही मला आवडता, पौर्णिमा. लई आवडता."

हे आणखी एकदा म्हणा, असं मला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात एक बाई ट्यूबलाइट विचारत आत आल्या. मी जाळी उचलली आणि परत पर्समध्ये टाकली.

"ही मी घरी नेतेय," मी म्हणाले. "आईंना पाहिजे असेल तर त्यांनी स्वतः न्यायला यावं. रीतसर. येत्या रविवारी." तो काय म्हणाला ते ऐकायला मी थांबले नाही, पण मागून ट्यूबलाइटवाल्या बाई विचारत होत्या, की अहो, तुम्ही एकटेच का हसायलात.

रविवारी सरूबाई आल्या. बरोबर त्यांचे दीर, जाऊ, आणि शेवटी, नवीन शर्टात घामाघूम झालेला बुद्धघोष. जय भीम झालं, पाणी झालं. मी चहा घेऊन बाहेर आले ती केस मोकळे सोडूनच. सरूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, केसांपाशी थांबल्या आणि लेकाकडं वळून म्हणाल्या, "ह्याच्यासाठी माझा साबण महाग केलास व्हय रं?"

मी आतून जाळी आणली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती माझ्याच हातात परत ठेवली. मग पिशवीत हात घालून एक नवीकोरी, निळी साबणदाणी काढली आणि टेबलावर ठेवली.

"आमची सोय आमी केली," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "जाळी पोरीजवळच ऱ्हाऊ द्या. ती आमच्या घरी येताना घिऊन येईल की."

पप्पांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. माझी आखूड बट पुन्हा कपाळावर आली होती. मी ती मागं सारली नाही. "येईन," मी म्हणाले.