दारावरची खडूची खूण

आरोहीने गोणपाट भिजवून उरलेलं बादलीतलं पाणी भसकन दाराबाहेर फेकलं, आणि ते नेमकं एका माणसाच्या बुटांत गेलं.

"अगं बाई... दिसला न्हाईसा!"

"असू दे. उन्हात थंड कसं ऱ्हायचं ते सांगायला आलतो. तुमी करूनच दाखवलासा!"

तो हसला. आरोग्य केंद्राचा यशपाल. खांद्याला ओआरएसच्या पाकिटांची पिशवी, हातात रजिस्टर. थंड हवेच्या बढाया मारणाऱ्या बेळगावला यंदाच्या एप्रिलच्या उन्हाने तोंडघशी पाडलं होतं, म्हणून केंद्राची मंडळी तिथल्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, घरोघर फिरत होती.

आत तिचे आप्पा, सुबराव, मागावर साडी विणत होते. वर पत्रा, खिडकी बंद, पंखा बंद. मागाखाली मात्र ओली गोणपाटं.

"वा! ह्या घराला काय सांगायलाच नको," यशपाल म्हणाला.

"ते सुतासाठी हाय," आप्पा म्हणाले. "कोरड्या हवेत धागा तुटतोय. पंखा लावला की लईच."

"आन् तुमच्यासाठी?"

"मला काय धाड भरलीया?"

यशपालने तरी सगळं सांगितलं. बारा ते चार माग बंद, तहान नसली तरी पाणी, खिडकीला ओला पडदा. आप्पांनी मान हलवली आणि माग पुन्हा सुरू केला. जाताना यशपालने दाराशेजारी खडूने बरोबरची खूण केली.

"खूण असली की ह्या घरात परत यायचं न्हाय," तो म्हणाला. म्हणताना उगीचच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरा पुसताना आरोहीचा हात भिंतीवरूनही फिरला. फडकं हातात होतं, खूण समोर होती... त्यात त्या पोरीचा काय दोष?

दुपारी यशपाल दारात हजर.

"हे घर राह्यलंय वाटतं."

"राह्यलंच असंल," आरोही आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

मग रोजचंच झालं. सकाळी फडकं, दुपारी खडू.

"एक लिटर पाण्यात साखर किती म्हणालासा?"

"सहा चमचे. मीठ अर्धा चमचा."

"काल चार म्हणालतासा..."

"काल तुमी माज्याकडं बघत होतासा."

आरोही लाजून आत पळाली, आणि आत जाऊन एकटीच हसली. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. आणि मोहीम शनिवारी संपणार होती. मग खूण पुसून तरी काय उपयोग?

गुरुवारी भर दुपारी माग अचानक थांबला. माग पोटाला घास देतो, त्याचा आवाज घरच्यांच्या कानात मुरलेला असतो. ती धावली. आप्पा मागाला धरून उभे होते, घामाने निथळत, डोळ्यांपुढे अंधारी.

तिने त्यांना आतल्या गार खोलीत आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, पंखा लावला. मग मागाखालची गोणपाटं ओढून आणली आणि आप्पांच्या अंगावर घातली.

"आगं... सूत वाळंल की," आप्पा पुटपुटले.

"वाळू दे!" ती रडतच ओरडली. "सुताला पाणी, आन् माज्या आप्पाला न्हाय?"

आप्पा शुद्धीवर होते, बोलत होते. तिने घोट घोट ओआरएस पाजलं. तेवढ्यात यशपाल आलाच. नाडी बघून तो त्यांना रिक्षाने केंद्रात घेऊन गेला. संध्याकाळी परत आणताना म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, पोरीनं झटक्यात केलं म्हणून निभावलं."

शुक्रवारपासून बारा ते चार माग बंद. पंखा सुरू, खिडकीला ओली चादर. आप्पांनी यशपालला शेजारी बसवून घेतलं.

"कुठलं म्हणायचं तुमी?"

"बोरगावचा. बुद्धविहाराला लागूनच घर हाय आमचं."

जात कळल्यावर आप्पा काय म्हणतील, म्हणून आरोहीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आप्पा जरा पुढे सरकले. मग स्वतःच्या पुढ्यातला ताकाचा पेला त्याच्याकडे सरकवत म्हणाले, "घ्या. उन्हातनं आलायसा."

शनिवारी तो उशिरा आला. आरोही सकाळपासून दारातच घुटमळत होती.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या घराची नोंद रजिस्टरात पहिल्याच दिवशी झालीया. खूण पुसली काय, न पुसली काय... सारखंच."

"मग रोज कशाला आलासा?"

"तुमी कशाला पुसलासा?"

आतून आप्पांचा आवाज आला, "आरं, बोला की एकदाचं! भिंतीचा रंग गेला पुसून पुसून!"

आरोहीने पदराने तोंड झाकलं. हसू मात्र झाकेना.

"मला तुमी लई आवडतासा," यशपाल म्हणाला. कान लाल झाले होते, उन्हाने नव्हे.

"मला बी..." ती म्हणाली, आणि त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या खडूकडे तिने बोट दाखवलं. "आज शेवटचा दिवस. खूण करून जावा की."

त्याने खडू तिच्या तळहातावर ठेवला.

"नको. हे घर बाकीच ऱ्हाऊ दे. उद्या माज्या आई-आप्पास्नी घिऊन येतो."