दिघीच्या लिलावातलं घड्याळ

कौशल्याबाई आत आल्या आणि थेट जमिनीवरच बसल्या. मारुतरावांनी पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या भैरूला फाशी देत्याल का वो?" त्यांनी विचारलं.

त्र्यंबकराव गवारे उत्तराची घाई कधी करत नसत. वीस वर्षं लष्कराच्या डेपोत घड्याळं दुरुस्त करून त्यांनी चिंचवड स्टेशनजवळ 'खासगी चौकशी'ची पाटी लावली होती. मारुतराव त्यांचे शेजारी, निवृत्त कंपाउंडर आणि स्वतःच्या मते निम्मे गुप्तहेर.

"पहिल्यापासून सांगा," गवारे म्हणाले.

दिघीच्या लष्करी लिलावातला जुना माल विकणारे उद्धवराव शनिवारी संध्याकाळी रहाटणीच्या वाटेवर मरून पडलेले सापडले. डोकं दगडानं ठेचलेलं होतं. विकायला म्हणून ते जे स्विस मनगटी घड्याळ खिशात बाळगत, ते गायब होतं. त्याच दुपारी खोकं पाडलं म्हणून त्यांनी भैरू हमालाच्या थोबाडीत मारली होती, आणि भैरू चारचौघांत "बघून घेईन" म्हणाला होता. रविवारी पहाटे पोलिसांनी त्याला उचललं. काल, बुधवारी संध्याकाळी, कुणाच्या तरी निनावी चिठ्ठीवरून त्याच्या खोलीची झडती झाली आणि पिठाच्या डब्यात घड्याळ सापडलं.

"किंमत लावाया त्ये घड्याळ तुमच्याकडंच येनार हाय म्हनं. म्हून आले. पोरगं आडदांड हाय, पर खुनी न्हाई."

तेवढ्यात कारखान्याचा आठचा भोंगा झाला. मारुतराव भिंतीकडे पाहून हसले. "त्र्यंबकराव, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचंच घड्याळ पाच मिनिटं मागे!"

"माझं बरोबर आहे. भोंगाच पाच मिनिटं आधी होतो, माणसं गेटवर वेळेत यावीत म्हणून. गावाला आठ वाजतात त्याआधी कामगारांना वाजतात."

दुपारी हवालदार घड्याळ घेऊन आला. पंचनाम्यात लिहिलं होतं: चालू स्थितीत, चौकीच्या घड्याळापेक्षा पाच मिनिटं पुढे.

"जप्तीनंतर हात कुणी लावला?"

"फौजदारसाहेबांनी सकाळी चावी दिली. काटे न्हाई हलवले."

घड्याळातलं आपल्याला चांगलं कळतं अशी मारुतरावांची समजूत होती. हवालदार जाताच त्यांनी ते कानाला लावलं, उलटंसुलटं केलं आणि निकाल दिला. "स्विस माल. तबकडी नव्यासारखी. तीनशे रुपये. पुढे पळतं म्हणून वीस कमी."

"तबकडी नव्यासारखी नाही, नव्यानं रंगवलेली आहे," गवारे भिंगातून बघत म्हणाले. "आणि झाकणाची कड बघा. चाकूचे ताजे ओरखडे. घड्याळजी असं उघडत नाही."

त्यांनी अवजार लावून अलगद झाकण काढलं. कवचावर कंपनीचं नाव होतं, पण आत भलतंच स्वस्तातलं यंत्र होतं. ते हलू नये म्हणून भोवती कागदाची पट्टी कोंबली होती.

"पंचेचाळीस रुपये. तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर. मारुतराव, हे बाहेर बोलायचं नाही."

मारुतरावांचा चेहरा पडला. गवाऱ्यांनी झाकण बसवलं आणि काट्यांना हात न लावता घड्याळ रेडिओशेजारी ठेवलं.

शुक्रवारी दोघे आधी उद्धवरावांच्या दुकानात गेले. भाचा ज्योतीराम गल्ल्यावर होता. मामाच्या पश्चात दुकान त्याचंच होणार होतं, आणि दुःख त्याला बेताचंच झालेलं दिसलं.

"ते घड्याळ कुणाला दाखवलं होतं?"

"कारखान्यातल्या फोरमन महिपतरावांना. पण सौदा झाल्याचं मामा काही बोलले नव्हते."

"झाकण उघडून दाखवलं?"

"छे! मामा मालाचं झाकण कुणाला उघडू द्यायचे नाहीत. पैसे टाका, घरी न्या, मग काय ते उघडा. आणि विकलेला माल परत नाही." तो बोलता बोलता गल्लीपलीकडच्या स्टेशनच्या घड्याळाकडे पाहून आपलं घड्याळ लावत होता.

बाजारातल्या मीरासाहेब घड्याळजींनी लपवाछपवी केली नाही. "यंत्र मीच बदललं, मास्तर. उद्धवरावांनी सांगितलं, मी केलं. पोट आहे. पण अल्लाची शपथ, कुणापाशी बोललो नाही."

"घड्याळं कशावर लावता?"

"रेडिओवर. माझ्या दुकानात मिनिटाचा फरक सापडला तर दाखवा."

कौशल्याबाईंच्या चाळीतच, मागच्या ओळीत, फोरमन महिपतराव राहत. घरात लग्नाची गडबड होती, आणि तरी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यांच्या बायकोचे हात पाटल्यांवाचून उघडे होते.

"घेणार होतो जावयासाठी," महिपतराव म्हणाले. "महिन्यापूर्वी दुकानात पाहिलं, त्यांच्या हातातच. बरं झालं नाही घेतलं. आत भलतंच यंत्र घातलेलं. तीनशेला बुडालो असतो."

गवाऱ्यांनी मान डोलावली आणि लग्नाची तारीख विचारली. एवढ्यासाठी आपण चाळभर चिखल तुडवला याचा मारुतरावांना भारी राग आला.

शनिवारी सकाळी गवाऱ्यांनी तिघांनाही चौकीत बोलावून घेतलं. कौशल्याबाई दाराशी बसल्या होत्या. आत गजांमागे भैरू गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"फौजदारसाहेब, हे घड्याळ पूर्ण चावीवर तीस तास चालतं," गवारे म्हणाले. "भैरू रविवारी पहाटेपासून तुमच्या ताब्यात आहे. बुधवारी संध्याकाळी पिठाच्या डब्यात ते टिकटिक कसं करत होतं?"

फौजदारांनी पंचनाम्याचा कागद पुढे ओढला.

"भैरू आत असताना कुणीतरी घड्याळाला चावी दिली आणि मग ते त्याच्या डब्यात टाकलं. आता ही पाच मिनिटं. मारुतराव म्हणाले, घड्याळ पुढे पळतं. गुरुवार दुपारपासून मी रोज फक्त चावी देऊन ते रेडिओशी ताडतोय. तेव्हा पाच मिनिटं पुढे होतं, आताही पाचच आहे. ते पळत नाही. कुणीतरी ते पाच मिनिटं पुढे लावलंय."

"भोंग्यावर!" मारुतराव ओरडले. आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"भोंग्यावर. ज्योतीराम स्टेशनवर लावतो, मीरासाहेब रेडिओवर. ज्याचा दिवस भोंग्यानं सुरू होतो, तो भोंगा ऐकला की काटे जुळवतो. हात आपोआप जातो."

"भोंग्यावर हजार माणसं चालतात," फौजदार म्हणाले.

"पण हजारांपैकी एकालाच आतलं यंत्र माहीत होतं. उद्धवराव झाकण उघडू देत नसत. मीरासाहेब बोलले नाहीत. मी फक्त मारुतरावांना सांगितलं. मग दुकानात दुसऱ्याच्या हातात पाहिलेल्या घड्याळाच्या पोटात काय आहे, हे महिपतरावांना कसं कळलं? ज्यानं ते विकत घेतलं आणि घरी नेऊन चाकूनं उघडलं, त्यालाच कळणार. महिपतराव, सौदा झाला होता."

 महिपतराव भिंतीला टेकत खाली बसले.

"बायकोच्या पाटल्या मोडल्या," ते म्हणाले. "पंधरा दिवस पेटीत जपलं. रोज भोंग्याला चावी द्यायचो. गेल्या शनिवारी हौसेनं उघडून बघितलं. परत घ्या म्हणालो, तर वाटेत उभा राहून हसला तो. जावयाला झाकण उघडू नको म्हणून सांग, म्हणाला. मी दगड कधी उचलला ते मला आठवत नाही."

"आणि खुनानंतरही चावी देत राहिलात?"

"सवयीनं." त्यांनी तळहातांकडे पाहिलं. "थांबलेलं घड्याळ बघवत नाही मला."

कौशल्याबाई उठून त्यांच्यासमोर आल्या. "महिपतराव, तुमची पोर माझ्या मांडीवर खेळली. एवढी चाळ पडली व्हती. माझ्याच घरात का टाकलं?"

"तुमच्याच दाराला कुलूप नव्हतं," महिपतराव म्हणाले.

 फौजदारांनी कोठडी उघडली. भैरू बाहेर आला, आईच्या पाया पडला आणि लहान पोरासारखा रडला.

मारुतराव त्या दोघांना सोडायला निघाले. बाजारातून जाताना कौशल्याबाई लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबल्या. "आमच्यात चोरन्यासारखं काय व्हतं, म्हून कदी लावलं न्हाई," त्या मारुतरावांना म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडून त्यांनी एक कुलूप मागितलं.